शागालचा येशू कुणाचा?

मार्क शागाल म्हटलं की उडती जोडपी आणि छपरावरचा फिडलवाला. समीक्षक म्हणतात, स्वप्नांचा चित्रकार. अरे, पण त्याच्या चित्रात घरं पेटलीत, ती कुणी बघायची? हा व्हितेब्स्कच्या ज्यू वस्तीतला पोरगा. बाप हेरिंग मासळीच्या वखारीत राबणारा.

१९३८ सालचं त्याचं 'श्वेत क्रूसारोहण' बघा. मधोमध क्रुसावर येशू, आणि कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल! वर देवदूतांच्या जागी आकांत करणारे ज्यूंचे पूर्वज. भोवती उलटीपालटी घरं, जळतं सिनगॉग, होडीतले निर्वासित. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत सिनगॉगं जाळली गेली. शतकानुशतकं ज्यूंना 'येशूचे मारेकरी' म्हणून झोडपणाऱ्या युरोपला शागाल सांगतो, तुम्ही पुजता तो आमचाच, आणि आजही मारला जातोय तोही आमचाच. एका शालीनं त्यानं सगळा आरोप उलटवला.

एक मात्र खटकतं. एका म्हाताऱ्याच्या छातीवरच्या पाटीवर आधी 'मी ज्यू आहे' असं जर्मनमध्ये होतं. ते शागालनं मागाहून रंगानं बुजवलं. दुःख सगळ्यांचं व्हावं म्हणून असेल, भीतीनं असेल. पण मार खाणाऱ्याचं नाव पुसलं की मारणाराही सुटतो. नशीब, शाल पुसली नाही. चित्र तिथंच तरलं.

पुढं पोप फ्रान्सिस यांचंही हे आवडतं चित्र झालं. म्हणजे शाल चर्चच्या दारापर्यंत पोचली. ही त्या रंगांची ताकद. पण दोस्तहो, चित्र आवडलं म्हणून हिशेब मिटत नाही. बघताना आधी शाल बघा, मग क्रूस.