छायाचित्रातील चंद्र कोणाचा?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत चंद्राची छायाचित्रे आता नवी राहिलेली नाहीत. साठ-सत्तर मिलिमीटर व्यासाची दुर्बीण पुष्कळ शाळांच्या आवाक्यात आली आहे आणि तिच्या नेत्रिकेला मोबाइल लावला की चंद्र टिपता येतो. नागपूरला तर गांधीसागर तलावाजवळ १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे; आकाशाची गोडी लागायला मुलांना दूर जावे लागत नाही. हे सारे स्वागतार्हच आहे. तक्रार आहे ती या चित्रांच्या निवडीविषयी आणि परीक्षक म्हणून आपण लावतो त्या निकषांविषयी.

मांडली जाणारी चित्रे बहुधा पौर्णिमेची असतात. गोल, शुभ्र, नीटनेटकी. पण त्यांत वाचण्याजोगे फार थोडे असते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत. आणि विवराची खोली किंवा डोंगराची उंची कळते ती सावलीमुळेच. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्म्याने तेजस्वी असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे तेज सुमारे एक दशांशच भरते. याचे एक मोठे कारण म्हणजे त्या वेळी पृष्ठभागावर पसरलेल्या याच लांब सावल्या. पौर्णिमेचे चित्र डोळ्यांना सुखावते, अष्टमीचे चित्र काही सांगते.

आपल्याकडे दुर्बिणी गच्चीवर येतात त्या कोजागरीला. पाऊस संपलेला असतो, दूध आटत असते, मंडळी जमलेली असतात. त्याच पंधरवड्यात सात दिवस आधी दुर्गाष्टमी येऊन गेलेली असते. त्या संध्याकाळी उजेड-अंधाराची सीमारेषा चंद्रबिंबाच्या साधारण मध्यातून जाते आणि टॉलेमी, अल्फॉन्सस, अर्झाशेल ही विवरे एकाखाली एक ओळीने उठून दिसतात. दोन दिवसांनी, दसऱ्याला, ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवरावर बहुधा नुकतीच सकाळ झालेली असते. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधले बारा अंशांचे अंतर, म्हणून सीमारेषाही तिथीगणिक सुमारे बारा अंश सरकते. घरातले पंचांग हे चंद्राच्या छायाचित्रकाराचे उत्तम वेळापत्रक आहे, हे वर्गात सांगायला काय हरकत आहे?

अशा चित्रावर मोजमापही करता येते. अष्टमीच्या चित्रात सीमारेषेपलीकडे, काळोखात, एखादा प्रकाशाचा ठिपका दिसतो. ते सूर्यकिरण पोहोचलेले पर्वतशिखर असते. गॅलिलिओने १६१० साली अशाच ठिपक्यांवरून चंद्रावरील पर्वतांच्या उंचीचा अंदाज केला होता. चंद्राचा व्यास ३,४७६ किलोमीटर. चित्रावर पट्टी ठेवून ठिपक्याचे सीमारेषेपासूनचे अंतर काढावे, त्याचा वर्ग करून चंद्राच्या व्यासाने भागावे. अंतर ८० किलोमीटर आले तर उंची सुमारे १.८ किलोमीटर. पायथागोरसच्या प्रमेयापलीकडचे गणित यात नाही. पौर्णिमेच्या देखण्या चित्रावर हे करता येणार नाही.

चित्र कोठून घेतले हेही त्यात दिसले पाहिजे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. गुढीपाडव्यानंतरच्या एक-दोन संध्याकाळी इथल्या पश्चिम क्षितिजावरची कोर जवळजवळ आडवी, होडीसारखी दिसते. लंडनला ती त्याच सुमारास एका बाजूला कललेली असते. आपल्या तक्त्यांवर मात्र कोर नेहमी उभीच काढलेली असते! शिवाय दुर्बीणही प्रतिमा फिरवते. आरशाची न्यूटन पद्धतीची दुर्बीण चित्र उलटे करते. तेव्हा कागद फिरवला की काम भागते. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर मात्र डाव्याचे उजवे होते आणि कागद कितीही फिरवला तरी ते सुलट होत नाही. मुलाने हे ओळखून चित्राखाली लिहिले असेल तर त्याला दुर्बीण कळली आहे असे समजावे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. जेम्स नॅस्मिथ आणि जेम्स कारपेंटर यांनी १८७४ साली चंद्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळच्या छायाचित्रणात बारकावे येत नसत, म्हणून त्यांनी दुर्बिणीतून पाहून रेखाटने केली, त्यांवरून प्लॅस्टरच्या प्रतिकृती घडवल्या आणि उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे घेतली. चंद्र प्लॅस्टरचा होता, पण तसे त्यांनी वाचकांना सांगितले होते. २०२३ च्या मार्चमध्ये याच्या नेमके उलट उदाहरण गाजले. संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम अस्पष्ट केलेला चंद्र ठेवून एकाने सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो घेतला, तर फोटोत मूळ चित्रात नसलेले बारकावे उमटले. मोबाइल चंद्र ओळखून त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील ठळक करतो, हे कंपनीने स्पष्ट केले. ही सोय बंद करता येते, हेही सांगितले. पण किती मुलांना हे ठाऊक असते?

परीक्षकाच्या हाती एक साधी कसोटी आहे. सत्तर मिलिमीटरची दुर्बीण चंद्रावरचे सुमारे तीन किलोमीटरचे अंतर कसेबसे वेगळे दाखवू शकते. तिच्या चित्रात त्याहून बारीक काही दिसत असेल, तर ते भिंगातून आलेले नाही. म्हणून बक्षीस ठरवताना मुलांना चार गोष्टी विचाराव्यात. कोणती तिथी, किती वाजता? दुर्बीण कोणती? मोबाइलची सुधारणा बंद होती का? या चित्रावरून तू काय शोधलेस? थोडेसे हललेले, कडेला धूसर झालेले अष्टमीचे चित्र या प्रश्नांची उत्तरे देत असेल, तर पहिला क्रमांक त्याचा. तो चंद्र त्या मुलाने स्वतः पाहिलेला असतो.