घरगुती ध्वनिचित्रफितींचे संपादन : एक पाठचिकित्सात्मक विचार

एकाच शब्दाने दोन व्यवसायांचा निर्देश होऊ लागला, म्हणजे ते व्यवसाय एकधर्मी आहेत असे सिद्ध होत नाही. 'संपादन' या शब्दाची आज अशी अवस्था झाली आहे. हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठाच्या जवळ जाऊ पाहणारा पंडित संपादन करतो. आणि दूरदर्शनवरून घरी उतरवून घेतलेल्या जुन्या व्हीएचएस फिती संगणकात भरून त्यांतील नको तो भाग काढून टाकणारा गृहस्थही संपादनच करतो. पहिला वगळलेल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब देतो. दुसरा वगळलेले नाहीसे व्हावे म्हणूनच बैठक मारतो. हा भेद केवळ शब्दार्थाचा असता, तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते. तथापि १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर बोलल्या गेलेल्या मराठीचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे, त्यांना घरगुती फितींकडे वळावेच लागते, आणि त्या हाती येतात त्या पुष्कळदा 'स्वच्छ' होऊन.

घरगुती फीत हस्तलिखितासारखी असते, असे म्हणताना आम्ही केवळ उपमा देत नाही. लेखनिकाचे दोष तिच्यात जसेच्या तसे आढळतात. जाहिरात सुरू होताच 'पॉज'ची कळ दाबणारा आणि ती संपल्यावर क्षणभर उशिरा सोडणारा माणूस पुढील वाक्याचा प्रारंभ गिळतो. कळ फार वेळ दाबलेली राहिली, तर फीत झिजू नये म्हणून अनेक यंत्रे काही मिनिटांनी आपण होऊन थांबत. मग उरलेला कार्यक्रम लुप्त. एकाच फितीवर पुनःपुन्हा मुद्रण केलेले असल्यास शेवटी जुन्या कार्यक्रमाचा एखादा तुकडा शिल्लक राहतो. संगणकावरील संपादक प्रथम उडवतो तो हाच. वास्तविक, खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावर खालची अक्षरे दिसावीत, तसा हा प्रकार आहे. त्या तुकड्यात बातमीपत्राची दोन वाक्ये असली, तरी वरचे मुद्रण त्या दिवसापूर्वीचे नाही एवढे निश्चित होते.

जाहिरातींविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलावयास हवे. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९६६ साली पूर्ण झाली, तिच्यात प्रक्षिप्त ठरलेले श्लोक फेकून दिलेले नाहीत. ते पृष्ठाच्या तळाशी किंवा परिशिष्टात गेले. वाचकाला संपादकाचा निर्णय उलटा फिरविण्याची मुभा राहिली. आता त्याच महाभारताच्या दुसऱ्या अवताराकडे पाहावे. बी. आर. चोप्रा यांची मालिका १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी प्रसारित होई, आणि कित्येकांनी ती घरी उतरवून घेतली. मालिका पुढे स्वतंत्रपणे उपलब्ध झाली. म्हणजे घरगुती फितीत जे अन्यत्र मिळत नाही ते एवढेच : मध्ये आलेल्या जाहिराती, आगेमागे झालेली निवेदने, एखादे वेळी पडद्यावर आलेली 'व्यत्यय' ही पाटी. संपादक नेमके हेच कापतो आणि सर्वत्र सुलभ असलेले तेवढे जपून ठेवतो! मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांबाबत हानी याहून मोठी आहे. निवेदिकांचे दोन कार्यक्रमांमधील बोलणे आणि हिंदी वा इंग्रजी मजकुरावरून बेतलेल्या जाहिरातींची वाक्यरचना, ही दोन्ही प्रमाण मराठीच्या जडणघडणीची साधने होत. 'व्यत्यय' हा पंडिती शब्द घराघरांतील मुलांच्या तोंडी गेला, तो काही पाठ्यपुस्तकांमुळे नव्हे.

उलट उदाहरण अमेरिकेत सापडते. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरी अहोरात्र दूरचित्रवाणीचे मुद्रण केले. सुमारे ७०,००० फितींचा तो संग्रह इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. त्यांनी कापाकापी केली नाही, हाच त्या संग्रहाचा गुण. बातमी कोणत्या जाहिरातीला चिकटून आली, हे तेथे पाहता येते.

कापण्याइतकीच 'सुधारणा' करण्याची हौस घातक आहे. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन क्षेत्रांचे बनलेले असते. म्हणजे हालचालीचे ५० नमुने आपल्या हाती असतात. संगणकाच्या पडद्यावर कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात म्हणून संपादक ही क्षेत्रे मिसळून २५ चित्रे करतो. ओठांच्या हालचालीवरून उच्चार अभ्यासणाऱ्याचे निम्मे साहित्य तेथेच बुडाले. एमपेग-२ पद्धतीने साठविलेल्या फायलीत संपूर्ण चित्र साधारणपणे १२ चित्रांत एकदाच येते, उरलेली चित्रे केवळ फरक सांगतात. त्यामुळे पुनःसंकेतन टाळून कापावयाचे तर अर्ध्या सेकंदापर्यंत मागेपुढे सरकावे लागते. अर्धा सेकंद म्हणजे दोन-तीन अक्षरे. फितीची खरखर घालविणारी गाळणी तर आणखी वाईट, कारण घर्षक व्यंजने ही ध्वनिदृष्ट्या खरखरच होत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील तालव्य-दंत्य भेद ज्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात असतो, तो व्हीएचएसच्या साध्या ध्वनिपट्टीत आधीच क्षीण उतरलेला असतो. गाळणी त्याला पुसट करते. चित्राच्या तळाशी दिसणारी वेडीवाकडी पट्टी झाकली, तर आमची तक्रार नाही. दूरदर्शन संचाच्या चौकटीआड ती पूर्वीही दडलेलीच होती.

मोठ्या फायली ठेवावयाच्या कोठे, ही सबब २००० सालाच्या सुमारास रास्त होती. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात; तीन तासांच्या एका फितीने त्या काळची तबकडी भरून जाई. आज ती सबब उरलेली नाही. शिवाय संगणकाने संपादकाला एक सोय दिली आहे, जी कात्री घेऊन बसणाऱ्याला नव्हती : न कापता कापण्याची. अव्हीसिंथसारख्या साधनात कोणत्या चित्रापासून कोणत्या चित्रापर्यंत भाग घ्यावयाचा, हे चार ओळींच्या साध्या लेखी टिपणात नमूद होते, आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. हे टिपण म्हणजेच पाठभेदांची तळटीप. पाहण्यासाठी जाहिरातविरहित प्रत खुशाल करावी; टिपण आणि कच्ची प्रत सोबत असली, म्हणजे झाले.

याचे महत्त्व दोन प्रती समोर आल्यावर कळते. 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमातील एकच मुलाखत दोन घरांत मुद्रित झाली आहे, असे समजा. एकाच्या 'पॉज'ने गिळलेले वाक्य दुसऱ्याच्या प्रतीत सापडेल, आणि दोन्ही कच्च्या असतील तर पाठ जुळविता येईल. कारण यंत्र थांबल्याची खूण चित्राच्या थरथरीत राहते. दोन्ही प्रती स्वच्छ करून, सांधे गुळगुळीत करून आल्या असतील, तर वाक्य लेखनिकाने गाळले, संपादकाने कापले, की वक्ताच मध्ये थांबला होता, हे ठरविण्यास कोणतेही साधन राहत नाही.