‘मोचनगड’ लष्करातून वाचताना

पाटणकर बाजारात बसून रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ वाचली, की आधी हाच प्रश्न पडतो: हा गड आहे कुठे? कुठेच नाही. १८७१ची ही कादंबरी मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात; काळ शिवाजीमहाराजांचा, गड मात्र लेखकाच्या मनातला. मग ती ऐतिहासिक कसली, असं आपल्यातले काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. खरा रायगड असता तर वाचक तिथेच अडकला असता.

भयाच्या बाबतीत मात्र ती कमी पडते. आमच्या किल्ल्यावर त्याच शतकात मुरादबक्ष कैदेत होता. १६६१मध्ये त्याला तिथेच मारलं. दाराच्या मुलाला, सुलेमान शुकोहला, अफूच्या बोंडांचं पाणी पाजून झिजवलं म्हणतात. त्यापुढे कादंबरीतलं रहस्य सौम्यच.

पण १८७१चा लष्करातला मराठी वाचक डोळ्यांपुढे आणा. मान वर केली की किल्ला, आणि त्यावर १८५८पासून इंग्रजांची फौज. हातातल्या पुस्तकाच्या नावात ‘मोचन’, म्हणजे सुटका! त्याला काय वाटलं असेल? शिंद्यांना किल्ला परत मिळाला तो १८८६मध्ये, पुस्तकानंतर पंधरा वर्षांनी.