मतपेटीविना वाढलेली पिढी

आज एका शब्दाची झडती घ्यायची आहे. तो शब्द म्हणजे ‘उदासीनता’.

पॅलेस्टिनी तरुणांची राजकीय मतं आणि सार्वजनिक जीवनातला त्यांचा सहभाग या विषयावर ओस्लो करारानंतर इतके अहवाल निघाले आहेत, की त्याचा एक वेगळा वाङ्मयप्रकारच झालाय म्हणा ना. बाहेरची एखादी देणगीदार संस्था पैसे देते, रामल्लातली स्वयंसेवी संस्था पाहणी करते आणि अहवाल येतो. चार-पाच अहवाल सलग वाचले की मांडणी पाठ होते. सुरुवातीला लोकसंख्येचा तक्ता: वेस्ट बँक आणि गाझा मिळून १८ ते २९ वयाची माणसं पाचात एकाहून जास्त. मग प्रश्न. कुठल्या पक्षाचे सदस्य आहात का? नाही. सभांना, मोर्चांना जाता का? फारसं नाही. नेत्यांवर विश्वास आहे का? मुळीच नाही. आणि शेवटच्या प्रकरणात निदान: ही पिढी राजकारणाला विटली आहे, उदासीन आहे. औषध काय, तर नेतृत्व-विकास शिबिर.

आकड्यांशी माझं भांडण नाही. ते बहुतेक वेळा प्रामाणिकपणे गोळा केलेले असतात. भांडण निदानाशी आहे. कारण निदान चुकलं की औषध भलत्याच माणसाला पाजलं जातं.

एक साधं गणित करू. पॅलेस्टिनी विधिमंडळाची शेवटची निवडणूक झाली २५ जानेवारी २००६ रोजी. अध्यक्षपदाची त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी २००५ मध्ये. महमूद अब्बास निवडून आले. मुदत चार वर्षांची, बरं का. २००६ मध्ये १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या, फताहला ४५. पुढच्या वर्षी दोघांत यादवी झाली, गाझा हमासकडे गेलं, वेस्ट बँक प्राधिकरणाकडे राहिली. विधिमंडळ त्यानंतर धड भरलंच नाही आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते रीतसर बरखास्तही झालं. २००७ पासूनच कारभार अध्यक्षांच्या फर्मानांवर. आता मतदानाचं वय १८. म्हणजे जानेवारी १९८८ नंतर जन्मलेल्या कुणालाही आपल्या विधिमंडळासाठी एकदाही मत देता आलेलं नाही. यातले कित्येक जण आज स्वतः शाळकरी मुलांचे आईबाप आहेत. स्वयंपाकघराला कुलूप घालायचं आणि पोराला भूकच लागत नाही म्हणून वैद्याकडे न्यायचं, असला हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, कुलूप काढून कुणी बघितलंय का? एकदा काढल्यासारखं झालं होतं.

जानेवारी २०२१ मध्ये अब्बास यांनी फर्मान काढलं. २२ मे रोजी विधिमंडळाची निवडणूक, ३१ जुलैला अध्यक्षपदाची. मतदारनोंदणी सुरू झाली आणि पात्र लोकसंख्येपैकी सुमारे ९३ टक्के लोकांनी नाव नोंदवलं. ३६ याद्या रिंगणात उतरल्या. फताहमध्येच फूट पडली. तुरुंगात असलेले मारवान बर्घूती आणि नासेर अल-कुदवा यांची वेगळी यादी आली, मोहम्मद दहलान यांच्या समर्थकांची आणखी वेगळी. आणि या सगळ्यात एक बारीक कलम होतं, जे मला फार बोलकं वाटतं. विधिमंडळासाठी उभं राहायचं तर वय किमान २८ हवं आणि अध्यक्षपदासाठी ४०. ज्या १८ ते २९ वयोगटाच्या ‘सहभागा’ची एवढी काळजी वाहिली जाते, त्यातल्या बहुतेकांना उमेदवार व्हायला कायद्यानेच मनाई.

२९ एप्रिलच्या रात्री निवडणूक पुढे ढकलली गेली. कारण सांगितलं पूर्व जेरुसलेमचं. तिथे १९९६, २००५ आणि २००६ मध्ये मतदान झालं होतं ते पोस्ट ऑफिसांतून, ओस्लोच्या तडजोडीप्रमाणे. या वेळी इस्रायलने होकार दिला नाही. हे कारण खोटं नव्हतं. जेरुसलेम सोडून निवडणूक घ्यायची म्हणजे त्या शहरावरचा हक्क सोडल्यासारखं होतं, ही भावना तरुणांतही होती. पण फताह तीन तुकड्यांत लढणार आणि हरण्याची शक्यता मोठी, अशा वेळी हे कारण अध्यक्षांच्या फार सोयीचं होतं, एवढं म्हणायला हरकत नसावी. तेव्हापासून नवी तारीख ठरवून मतदान झालं आहे का? विधिमंडळाचं नाही.

दोन महिन्यांनी, २४ जून २०२१ रोजी, निझार बनात हे प्राधिकरणाचे कडवे टीकाकार सुरक्षा दलांच्या ताब्यात मारहाणीनंतर मरण पावले. ते त्या न झालेल्या निवडणुकीतले एक उमेदवार होते. रामल्लात तरुण रस्त्यावर आले. साध्या वेशातल्या माणसांनी त्यांना बडवलं, मोबाईल हिसकावले. पुढच्या पाहणीत यातल्या एखादीला कुणी विचारलं असेल, ‘मोर्चाला जाता का?’ तर तिने काय उत्तर द्यावं?

आता माझ्या मुद्द्याचा दुसरा भाग. मतपेटी जिथे खरोखर असते तिथे काय होतं? ती विद्यापीठात आहे. रामल्लाजवळच्या बिरझेत विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत ५१ जागा. मतदानाच्या आदल्या दिवशी गटांचे प्रतिनिधी मैदानात समोरासमोर वाद घालतात. गाणी, झेंडे, टोमणे, सगळं असतं. सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी मत देतात. मे २०२२ मध्ये हमासशी जोडलेल्या इस्लामी गटाला २८, फताहच्या शबीबाला १८ आणि डाव्या गटाला ५ जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी २५, २० आणि ६. नाब्लसच्या अन-नजाह विद्यापीठातही मे २०२३ मध्ये ८१ पैकी ४० जागा इस्लामी गटाला आणि ३८ शबीबाला, म्हणजे अगदी अटीतटीचा सामना. या परिषदा वसतिगृह, फी, बसच्या वेळा असल्या गोष्टी सांभाळतात, पण निकालाच्या रात्री सगळी वेस्ट बँक डोळे लावून बसते. राष्ट्राच्या नाडीचा ठोका मोजायला दुसरी जागाच उरलेली नाही ना. मारवान बर्घूतीही एके काळी याच बिरझेतच्या परिषदेचे अध्यक्ष होते.

आणि हे मत फुकटात पडत नाही. २०२० मध्ये इस्रायली लष्कराने बिरझेतच्या डाव्या विद्यार्थी गटाला बेकायदा ठरवलं. इस्लामी गटाच्या मुलांनाही अटक होते, कधी इस्रायली लष्कराकडून, कधी प्राधिकरणाच्या दलांकडून. हे कळलं की प्रश्नावलीतला तो पहिला प्रश्न पुन्हा वाचावासा वाटतो. ‘कुठल्या पक्षाचे सदस्य आहात का?’ दारात आलेल्या अनोळखी माणसाने हा प्रश्न विचारला आहे. ‘हो’ म्हणणं म्हणजे काही पक्षांच्या बाबतीत गुन्ह्याची कबुली. ‘नाही’ म्हणणारा खरंच सदस्य नसेलही. पण त्या ‘नाही’मध्ये किती उदासीनता आणि किती शहाणपण, हे वेगळं काढायची सोय अहवालात नसते.

मोर्चाचंही तेच. इस्रायलचा १९६७ सालचा लष्करी आदेश क्रमांक १०१ वेस्ट बँकेत अजून लागू आहे. त्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं राजकीय म्हणता येईल अशा हेतूने परवानगीविना जमली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहा माणसं! आपल्याकडे हळदीकुंकवालाही त्याहून जास्त बायका जमतात. प्राधिकरणाने २०१७ मध्ये सायबर गुन्ह्यांचा कायदा आणला. त्याच वर्षी एका पत्रकाराच्या अटकेवर फेसबुकवर टीका केली म्हणून हेब्रॉनचे कार्यकर्ते इसा अम्रो यांना प्राधिकरणानेच उचललं. गाझात १५ मार्च २०११ रोजी ‘ही फूट संपवा’ म्हणत आणि मार्च २०१९ मध्ये ‘आम्हाला जगायचंय’ म्हणत तरुण बाहेर पडले, तेव्हा हमासच्या पोलिसांच्या काठ्या तयार होत्या. तीन सत्ता, तिन्ही दारांवर पहारा. अहवालात मात्र या गोष्टी ‘संदर्भ’ नावाच्या एका परिच्छेदात उरकलेल्या असतात आणि पुढच्या पानापासून तरुणांच्या ‘मानसिकते’ची चर्चा.

औषधाविषयीही बोलायला हवं. बिरझेतच्या अभ्यासक इस्लाह जाद यांनी अरब स्त्री-चळवळींचं ‘एनजीओकरण’ कसं झालं यावर फार नेमकं लिहिलं आहे. चळवळीचा प्रकल्प होतो, कार्यकर्तीची कर्मचारी होते, लोकांशी बांधिलकीऐवजी देणगीदाराला हिशेब. तरुणांच्या ‘नागरी सहभागा’चं नेमकं हेच झालं असं मला वाटतं. १९८७ च्या पहिल्या इंतिफादात कुणीही शिबिर घेतलं नव्हतं. गल्लोगल्ली समित्या झाल्या. बिरझेत जानेवारी १९८८ पासून चार वर्षांहून जास्त बंद होतं, तर वर्ग घराघरांत भरले. बेत साहूर गावाने कर भरायला नकार दिला. त्याच गावात दुधासाठी अठरा गायी आणल्या होत्या आणि लष्कराने त्या गायींना सुरक्षेला धोका ठरवून त्यांचा शोध घेतला. आमेर शोमाली यांच्या २०१४ च्या ‘द वॉन्टेड १८’ या माहितीपटात ही हकिकत आहे, जरूर बघा. ऑगस्ट १९८८ मध्ये इस्रायलने या समित्यांवरच बंदी घातली. त्या काळाचं गोड चित्र रंगवायचं नाहीये मला, त्यात हेर असल्याच्या संशयावरून स्वकीयांच्या हत्याही झाल्या. पण लोकांना एकत्र काम करायला शिकवावं लागतं हा समज त्या अनुभवावर टिकत नाही.

आता पाहणीकारांच्या बाजूने. सगळे एका माळेचे मणी नाहीत. रामल्लातलं खलील शिकाकी यांचं धोरण व पाहणी संशोधन केंद्र वर्षानुवर्षं नियमित पाहण्या करतं. २००३ मध्ये निर्वासितांच्या परतीच्या हक्काविषयीचे न आवडणारे निष्कर्ष जाहीर करताना जमावाने त्यांच्या कार्यालयावर हल्ला केला होता. अब्बास यांनी पद सोडावं असं बहुसंख्य लोकांना वाटतं, हे याच पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. निवडणूक नसलेल्या समाजात पाहणी हीच अर्धीमुर्धी मतपेटी असते, म्हणून तर तिच्याकडून जास्त अपेक्षा.

शिवाय चांगली पाहणी जगाला खोटं पाडते. अरब बॅरोमीटरने गाझात घेतलेल्या मुलाखती ६ ऑक्टोबर २०२३ ला संपल्या. त्यात ४४ टक्के लोक म्हणाले की हमासवर आमचा अजिबात विश्वास नाही, आणखी २३ टक्के म्हणाले फारसा नाही. ‘गाझा म्हणजेच हमास’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आणि ज्यांना फक्त सोयीचं वाचायचं आहे, त्यांनी शिकाकींची पुढची पाहणी वाचावी. सात ऑक्टोबरला सुमारे बाराशे माणसं मारली गेली, बहुतेक साधे नागरिक. हल्ल्याचा निर्णय बरोबर होता असं त्या वर्षअखेरीस वेस्ट बँकेत ८२ टक्के आणि गाझात ५७ टक्के लोक म्हणाले. सप्टेंबर २०२४ मध्ये हे आकडे ६४ आणि ३९ वर आले. बॉम्ब ज्यांच्या डोक्यावर पडत होते त्यांच्यात ही संमती आधीपासून कमी होती आणि ती आणखी घसरली. २०२२ मध्ये नाब्लसच्या जुन्या शहरात ‘लायन्स डेन’ नावाचा सशस्त्र गट उभा राहिला, विशी-बाविशीतली पोरं, कुठल्याच पक्षाचं ऐकत नसलेली. ‘नागरी सहभाग’ या गोंडस शब्दात हे बसत नाही. म्हणून ते बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याला उदासीनता म्हणायचं, ही माझ्या मते अहवालांची सगळ्यात मोठी चोरवाट. मला ती बंदूक मान्य नाही. पण जी माणसं मारण्या-मरण्याइतकी गुंतली आहेत त्यांना उदासीन कसं म्हणता?

गाझातली सगळी विद्यापीठं युद्धात उद्ध्वस्त किंवा निकामी झाली. तिथे विद्यार्थी परिषदही नाही आणि मैदानही नाही. तरी २५ मार्च २०२५ रोजी बेत लाहियात लोक ढिगाऱ्यांमधून चालत निघाले. युद्ध थांबवा म्हणत होते, आणि हमासने चालतं व्हावं अशाही घोषणा होत्या.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मग प्रश्नावली कशी असावी?’ चांगला प्रश्न. ‘सदस्य आहात का’ असं विचारू नये. ‘सदस्य असाल तर ते कुणाकुणाला सांगू शकता’ असं विचारावं. ‘मोर्चाला जाता का’ याच्या जोडीला ‘शेवटचे गेलात तेव्हा काय झालं’ हे विचारावं. मत देणार का, यापेक्षा २०२१ मध्ये नाव नोंदवलं होतं का आणि ती नोंदणीची पावती अजून आहे का, हे जास्त सांगून जाईल. आणि पाहणीचा एक वेगळा संच छापून रामल्लाच्या मुकाताआत, अध्यक्षांच्या कचेरीतही द्यावा. त्यात दोनच प्रश्न पुरतील: शेवटची निवडणूक कधी घेतलीत, आणि पुढची कोणत्या तारखेला?