बर्फ, खळे आणि विरंगुळा : हिवाळी चित्रांच्या वाचनाविषयी

हिवाळ्यातील करमणुकीच्या चित्रांविषयी लिहिताना आपली समीक्षा बहुधा ‘आनंद’ या एकाच शब्दापाशी थांबते. डच चित्रांतील बर्फावर घसरणारी माणसे असोत वा वारली चित्रांतील तारप्याभोवतीचा फेर असो, दोहोंना ‘निरागस लोकजीवन’ असे एकच नाव दिले जाते. या नावाआड विरंगुळ्याची अट दडून राहते. श्रम कशामुळे थांबले, हा प्रश्नच मग विचारला जात नाही.

पीटर ब्रॉयगेलचे १५६५ मधील ‘बर्फातील शिकारी’ हे चित्र घेऊ. खाली दूरवर गोठलेल्या तळ्यांवर माणसे खेळत आहेत. परंतु चित्राच्या अग्रभागी पाठमोरे शिकारी थकून परतत आहेत आणि त्यांच्याजवळ शिकार म्हणून जेमतेम एक कोल्हा आहे. खेळ दिसतो तो या थकव्याच्या खांद्यावरून. हेन्द्रिक आव्हरकाम्प (१५८५–१६३४) याच्या १६०८ च्या सुमाराच्या हिवाळी निसर्गचित्रात सरदार आणि शेतकरी एकाच बर्फावर वावरतात. त्याच चित्राच्या डाव्या कोपऱ्यात मात्र पक्ष्यांसाठी लावलेला सापळा आहे आणि मेलेल्या जनावराचे लचके तोडणारे कुत्रेही आहे. लघुहिमयुगातील त्या कडाक्याने कालवे गोठवले, नावा अडकवल्या. ज्या पाण्यावर व्यवहार चालत होता तेच खेळाचे अंगण झाले. हा विरंगुळा खोळंब्यातून आलेला आहे आणि चित्रकाराने त्या खोळंब्याची खूण चौकटीबाहेर टाकलेली नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी पाणी गोठत नाही. येथे हिवाळ्याचा अर्थ भातकापणीने ठरतो. वारल्यांचा तारपा दुध्या भोपळा, बांबू व ताडपत्र यांपासून बनतो. त्याच्या सुरावर चालणारा फेर सुगीशी जोडलेला आहे. हे नृत्य खोळंब्याचे नव्हे, काम तडीस गेल्याचे आहे. मात्र परंपरेने ते चितारले गेले ते लग्नाच्या भिंतीवर. गेरूच्या वा शेणमातीच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नचौक काढत. चौकात पालघट देवी असे आणि सभोवती झाडे, प्राणी, शेतीची कामे व फेर. म्हणजे फेर हा विश्वरचनेचा एक घटक होता, तिचा सारांश नव्हे. १९७०च्या दशकात हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या समर्थ चित्रकाराने कागदावरही सबंध जग उभे केले. बाजाराने मात्र त्या जगातून फेर तेवढा कापून घेतला आणि पिशव्यांवर, पडद्यांवर, कार्यालयांच्या भिंतींवर छापला. सभोवतीचे श्रम गळाले आणि ‘आनंद’ तेवढा उरला.

याची किंमत केवळ कलेने मोजली असे नाही. डोळखांबच्या परिसरात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींची वस्ती आहे. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यातील अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा पाड्यांत हिवाळा हा भरल्या खळ्याचा नव्हे, कुलूप लावलेल्या दारांचा ऋतू असतो. ज्या महिन्यांत फेर धरायचा, त्याच महिन्यांत फेर धरणारे हात विटा पाडतात. सुटा काढलेला फेर पाहून ‘आदिवासी आनंदात आहेत’ असा निष्कर्ष काढणारा प्रेक्षक या वस्तुस्थितीपासून मुक्त होतो. समीक्षक तेच वाक्य भारदस्त परिभाषेत लिहितो तेव्हा तोही मुक्त होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की चित्रावर समाजशास्त्राचे ओझे का लादावे? आक्षेप गंभीर आहे, परंतु येथे लागू पडत नाही. आव्हरकाम्पचा सापळा चित्रातच आहे. लग्नचौकातील श्रमही भिंतीवरच होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणारे वाचनच चित्राबाहेरची समजूत चित्रावर लादत असते. लोकगीतांच्या संकलनांतही हेच घडते : दळणाचे गाणे जात्यावरून उचलले की ते नुसते ‘भावगीत’ होते.

म्हणून हिवाळी विरंगुळ्याचे चित्र समोर आले की दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. हे हात रिकामे कशाने झाले? आणि चित्राच्या कोणत्या कोपऱ्यात त्याची खूण आहे? खूण सापडली तर ती वाचावी. ती नसेल, तर कोणी कापून नेली याचा शोध घेणे हेही समीक्षेचेच काम आहे.