काटा, अंक आणि साक्ष : जुन्या जपानी मोटारगाड्यांच्या पुनर्घटनेविषयी

जुन्या मोटारगाडीचे मूळ इंजिन उतरवून तेथे दुसऱ्या, बहुधा अधिक शक्तिमान गाडीचे इंजिन बसवावयाचे आणि त्याबरोबर चालकासमोरच्या काट्यांच्या तबकड्या काढून अंकदर्शक पडदा लावावयाचा, हा उद्योग जपानात व अमेरिकेत आता इतका रुळला आहे की, त्याची गणना केवळ कारागिरीत करून भागणार नाही. त्यात निवड आहे, त्याग आहे, अभिरुची आहे. आणि जेथे अभिरुची आहे तेथे समीक्षेलाही अवसर आहे. आश्चर्य हे की, या विषयावर वाद पुष्कळ होतो, पण तो जवळजवळ सगळा चुकीच्या जागी होतो.

वाद घालणारे दोन पक्ष आहेत. एकाला मूळनिष्ठ म्हणता येईल. त्याच्या मते गाडी ही एक संहिता होय. तीत परके इंजिन घालणे म्हणजे जुन्या ग्रंथात प्रक्षेप करणे. दुसरा पक्ष शक्तिनिष्ठांचा. तो अश्वशक्तीचा आकडा पुढे करतो आणि तेवढ्यावर वाद मिटला असे समजतो. या दोघांचेही लक्ष इंजिनावर खिळलेले असते. चालकासमोरची फळी दोघेही सजावटीचा भाग मानतात. प्रस्तुत लेखकाला वाटते की, निर्णयाची खरी जागा तीच आहे. नव्या इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे चालकाला कोण सांगतो, आणि जे सांगतो ते खरे असते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून कोणत्याही पुनर्घटनेला बरे किंवा वाईट म्हणणे घाईचे ठरेल.

प्रक्षेपाची उपमा मोहक आहे, पण तिचा फोलपणा एका उदाहरणाने दिसतो. निस्सान कंपनीने १९६९ साली फेअरलेडी झेड ही गाडी काढली. तिच्या साध्या जपानी आवृत्तीत एल-२० जातीचे दोन लिटरचे इंजिन होते. त्याच वेळी झेड-४३२ या आवृत्तीत, त्याच सांगाड्यात, स्कायलाइन जीटी-आर या गाडीचे एस-२० इंजिन बसविले होते. (४३२ म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, तीन कार्बुरेटर आणि दोन कॅमशाफ्ट.) परदेशी गेलेल्या २४०-झेडला पुन्हा तिसरे, २,३९३ घनसेंटिमीटरचे एल-२४. आता यांपैकी मूळ पाठ कोणता? स्वतः कर्त्यानेच एका देहाला तीन अंतःकरणे दिली असतील, तर चौथ्याला केवळ ते चौथे आहे म्हणून बहिष्कृत करता येत नाही. शिवाय ग्रंथाची अक्षरे वाचण्याने झिजत नाहीत. इंजिनाचे सिलिंडर मात्र चालण्याने झिजतात.

म्हणून मूळपणापेक्षा औचित्याची कसोटी अधिक उपयोगी वाटते. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले, ते अंगाअंगांच्या परस्परसंबंधाकडे पाहून. त्याच दृष्टीने पाहिले तर फेअरलेडीत आरबी-२६ हे इंजिन घालणे मला उचित वाटते. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरसाठी घडविलेले हे २,५६८ घनसेंटिमीटरचे, दोन टर्बोचार्जरांचे इंजिन त्याच कंपनीच्या सरळ सहा सिलिंडरांच्या परंपरेतील आहे. फेअरलेडीचे लांबलचक बॉनेट सहा सिलिंडरांच्या रांगेसाठीच ओढले गेले होते. तथापि हे स्थलांतर वाटते तितके सरळ नाही. स्कायलाइन चारही चाकांना गती देणारी गाडी असल्यामुळे आरबी-२६ च्या तेलपात्राशी पुढच्या चाकांचा डिफरन्शियल जोडलेला असतो. मागच्या चाकांनी चालणाऱ्या फेअरलेडीत ते पात्रच बदलावे लागते. परक्या घरी जाताना इंजिनालाही आपले काही टाकून जावे लागते, हे दोन्ही पक्ष सहसा सांगत नाहीत.

आता मापकांकडे वळू. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखविणारे मीटर, जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजून चालते. चार आघातांच्या चार सिलिंडरी इंजिनात दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरी इंजिनात तीन, आठ सिलिंडरी इंजिनात चार. मीटर फेऱ्या पाहत नाही. ते ठिणग्या ऐकते आणि आपल्या घडणीतल्या प्रमाणाने त्यांचा अर्थ लावते. चार सिलिंडरांसाठी घडविलेल्या मीटरला सहा सिलिंडरांच्या ठिणग्या दिल्या की, चार हजार फेऱ्या फिरणाऱ्या इंजिनाविषयी काटा सहा हजारांची ग्वाही देतो. ही खोटी साक्ष निदान भित्री आहे. चालक वेळेपूर्वीच पाय उचलतो. उलट प्रकार घातक. निस्सानचेच एसआर-२० हे चार सिलिंडरी इंजिन २४०-झेडमध्ये बसविणारे पुष्कळ आहेत. तेथे जुने मीटर तसेच राखून त्याला नव्या इंजिनाची खूण जोडली, तर साडेसात हजार फेऱ्या होत असता काटा शांतपणे पाच हजारांवर उभा राहील. गाडी सुंदर, तबकडी मूळची, काटा अस्सल, आणि साक्ष मात्र इंजिनाच्या जिवावर उठणारी.

हीच गत इतर मापकांची. जुना स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून आलेल्या फिरत्या तारेवर चालतो. तारेच्या टोकाचे चुंबक एका धातूच्या वाटीला ओढू पाहते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते, आणि त्या ओढाताणीचे माप म्हणजे वेग. नव्या गिअरबॉक्सला बहुधा तार जोडण्याची जागाच नसते. तो विजेच्या स्पंदनांनी बोलतो. तेलाच्या दाबाचे व पाण्याच्या उष्णतेचे संवेदकही ज्या त्या मापकाच्या रोधाशी जुळविलेले असतात. तात्पर्य, इंजिन बदलल्याबरोबर जुनी फळी बहिरी तरी होते किंवा खोटारडी तरी. अंकदर्शक मापक हा या उद्योगात केवळ शोभेसाठी शिरलेला नाही. पुष्कळदा तो इंजिनपालटाचा अटळ परिणाम असतो.

आणि जुन्या जपानी गाडीला तो परकाही नाही. टोयोटाच्या १९८१ च्या सोअररमध्ये वेग अंकांनी दिसत असे. १९८३ साली आलेल्या आणि आज पूज्य मानल्या गेलेल्या एई-८६ (कोरोला लेविन व स्प्रिंटर ट्रुएनो) या जोडीतही जीटी-एपेक्स आवृत्तीला असा अंकदर्शक फलक मागून घेता येत होता. अंकांना पाहून नाक मुरडणारा मूळनिष्ठ आपल्याच मूळ पाठाशी अपरिचित आहे, असे यावर म्हणावे लागते. होंडाच्या १९९९ च्या एस-२००० मध्ये तर नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारे एफ-२०सी इंजिन आणि फेऱ्या पट्टीने दाखविणारा अंकदर्शक फलक एकत्रच जन्मले. हे इंजिन लांबीच्या दिशेने बसणारे आणि मागची चाके फिरविणारे असल्याने एई-८६ मध्ये ते घालण्याची प्रथा पडली आहे. तेथे त्याच्याबरोबर अंकदर्शक मापकही आले तर ती त्याची स्वतःची भाषा होय. लेक्ससच्या एलएफए गाडीत (२०१० ते २०१२, एकूण ५००) पडदा योजला गेला तो तर गरजेपोटी. तिचे दहा सिलिंडरी इंजिन निष्क्रिय अवस्थेतून नऊ हजार फेऱ्यांवर सुमारे ०.६ सेकंदात पोहोचते, आणि भौतिक काट्याला त्या चढणीबरोबर धावता येत नव्हते.

मापकाशी इंजिनाचे नाते किती जिव्हाळ्याचे आहे हे एका कलाकृतीने जितके नेमके ओळखले, तितके तांत्रिक लेखनात क्वचित आढळते. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा १९९५ ते २०१३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा तरुण नायक ताकुमी बापाची एई-८६ डोंगरवाटांवर चालवितो. एका शर्यतीत तिचे इंजिन फुटते. बाप बुन्ता तेथे शर्यतीचे, अकरा हजार फेऱ्यांपर्यंत जाणारे इंजिन बसवितो. पण त्याला साजेसे टॅकोमीटर मात्र बसवीत नाही. मुलाला नवे इंजिन निराशाजनक वाटते. ते कोठवर जाऊ शकते हे त्याच्या समोरची जुनी तबकडी त्याला सांगू शकत नाही, आणि म्हणून तो ते तेथवर नेऊच शकत नाही. फेऱ्यांचे नवे मीटर आल्यानंतरच गाडी जागी होते. लोकप्रिय, वेगवेड्या चित्रकथेत हा प्रसंग सहज वाचून सोडला जातो. माझ्या मते साऱ्या कृतीतील तो सर्वांत प्रगल्भ प्रसंग आहे. शक्ती गाडीत आलेली आहे, पण तिचे निवेदन आलेले नाही. आणि निवेदनावाचून ती शक्ती चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. बाप हे जाणूनबुजून घडवितो, त्यामुळे प्रसंगाला शिक्षणाचाही अर्थ येतो. शक्तिनिष्ठांनी ही चित्रकथा पुष्कळ वाचली आहे, पण तिच्यातून त्यांनी उचलले ते इंजिन. बापाचे मौन त्यांनी उचलले नाही.

येथवरचे विवेचन वाचून काटा म्हणजे खोटा व अंक म्हणजे खरा असा समज होईल तर तो दूर केला पाहिजे. तसेच काटा म्हणजे प्रामाणिक, ही भावुकताही टिकत नाही. माझ्दाच्या मिआटा गाडीचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या या गाडीत आरंभी तेलाच्या दाबाचे खरे मापक होते. १९९५ पासून काटा तोच राहिला, तबकडी तशीच दिसत राहिली, पण मागे केवळ एक स्विच उरला. दाब किमान पातळीच्या वर असला की काटा मध्यावर, नसला की तळाशी. म्हणजे तो काटा नव्हता, काट्याचा वेष घेतलेला दिवा होता. पाण्याच्या उष्णतेचे काटेही अनेक आधुनिक गाड्यांत असेच सवयीने मध्यावर बसविलेले असतात, चालकाला चिंता नको म्हणून!

अंकदर्शक फलकाचे दोष निराळे आहेत. अंक वाचावा लागतो. काटा केवळ दिसतो. काट्याची जागा, त्याचा चढण्याचा वेग आणि तांबड्या रेषेपासून राहिलेले अंतर ही तीन ज्ञाने डोळ्याच्या एका कोपऱ्यात एकदम उमटतात. अंकांना ते सहजी साधत नाही. म्हणूनच एस-२००० ने फेऱ्यांसाठी अंक नव्हे, पट्टी निवडली. आजच्या पडद्यांवर तर इंजिनाच्या संगणकातून येणारी वीस-वीस मूल्ये एकाच वेळी लुकलुकत असतात. वीस साक्षीदार एकदम बोलू लागले म्हणजे साक्ष होत नाही, कोलाहल होतो. आणि सर्वांत अनुचित प्रकार म्हणजे पडद्यावर काट्याचे चित्र काढणे, त्याखाली क्रोमच्या कड्याचे चित्र, वर काचेवरच्या चकाकीचेही चित्र. जुन्या तबकडीची नक्कल करण्यासाठी जुनी तबकडी काढून टाकण्यात काय स्वारस्य आहे, हे मला समजत नाही.

फेअरलेडीच्या बाबतीत तर याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. तिच्या फळीवर चालकासमोर दोन मोठी आणि मध्यभागी तीन लहान, खोल कोनाड्यांत बसविलेली, चालकाकडे वळलेली वर्तुळे आहेत. या फळीची सारी रचना वर्तुळाची आहे. चौकोनी पडदा तेथे खिडकी फोडल्यासारखा दिसतो. जुन्या तबकडीच्या मागे टप्प्याटप्प्याने फिरणारी लहान मोटर बसवून तिला नव्या संगणकाची खूण दिली, तर मुद्रा जुनी राहते आणि साक्ष खरी होते. काम किचकट आहे आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. बहुधा म्हणूनच ते कमी केले जाते.

आता जेथे मला निर्णय प्रतिकूल द्यावा लागतो ते उदाहरण. माझ्दाच्या आरएक्स-७ या गाडीची तिसरी पिढी (१९९१ ते २००२) १३-बी या रोटरी इंजिनाभोवती आकारली गेली. इंजिन लहान, म्हणून बॉनेट बुटके आणि वजन चाकांच्या मधोमध. अमेरिकेत या गाडीत जनरल मोटर्सचे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरी अॅल्युमिनियमचे इंजिन घालण्याची मोठी चाल आहे. कारणे खरी आहेत. रोटरीच्या टोकांच्या पट्ट्या लवकर झिजतात, ती तापते, इंधन व तेल पिते. आठ सिलिंडरी इंजिन स्वस्त, टिकाऊ आणि अपेक्षेहून फारसे जड नाही. या साऱ्याला माझी हरकत नाही. माझी हरकत फळीवर आहे. या गाडीत टॅकोमीटर मध्यभागी ठेवले आहे, कारण रोटरी इंजिन इतके निर्धोकपणे, कंपनावाचून चढत जाते की चालकाला हद्द जवळ आल्याचे अंगाने कळत नाही. त्याला डोळ्याने कळावे लागते, आणि डोळा चुकला तर इशाऱ्याच्या घंटेने. आठ सिलिंडरी इंजिन आपली हद्द गर्जनेने आणि थरथरीने आपोआप सांगते. तेव्हा मध्यावरचे ते मोठे वर्तुळ तसेच ठेवावे तर निरर्थक, काढावे तर गाडीचा चेहराच गेला. फेअरलेडीत आरबी-२६ घालताना फळीचा प्रश्न कारागिरीचा असतो. येथे तो अर्थाचा आहे, आणि कोणताही पडदा तो सोडवू शकत नाही.

या कसोटीविरुद्ध एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. साक्ष खरी असली म्हणजे पुरे, असे म्हटले तर कोणतीही दुर्मिळ गाडी कापण्यास परवाना मिळतो. झेड-४३२ सारखी मोजक्या संख्येने निघालेली गाडी कापून तीत उत्कृष्ट मापकांसह नवे इंजिन बसविले, तर माझ्या कसोटीला ते चालेल; माझ्या मनाला चालणार नाही. हा विरोध मी मिटवू शकलेलो नाही. एवढे म्हणता येते की, फळी व इंजिनकक्षाची भिंत न कापता, खिळेजोड उलटता येईल अशा रीतीने केलेले काम आणि करवत चालवून केलेले काम यांत फरक केला पाहिजे. तसेच सुटे भाग मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही; टोयोटाने २०२० पासून आणि निस्सानने त्याआधी, २०१७ पासून, काही जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा घडविण्यास आरंभ केला आहे.

टोयोटाने जानेवारी २०२३ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात स्वतःच दोन एई-८६ मांडल्या. ट्रुएनोमध्ये मूळचे ४ए-जीई इंजिनच ठेवून ते हायड्रोजनवर चालविले होते. लेविनमध्ये ते काढून विजेची मोटर बसविली होती, मात्र क्लच आणि हाताने बदलावयाचे गिअर तसेच राखले होते. ट्रुएनोचा प्रश्न सोपा आहे. तिच्यात जळणारे द्रव्य बदलले, तरी ठिणग्या तितक्याच पडतात आणि जुना टॅकोमीटर पूर्वीइतकाच खरा बोलू शकतो. लेविनमध्ये ठिणगीच नाही. मोटरला फेऱ्या आहेत, म्हणून काट्याला सांगण्यासारखे काही उरते. पण उभ्या गाडीत मोटरला फिरत राहण्याचे कारण नाही. जुन्या तबकडीवर हजाराच्या खालची ती थोडी जागा, जेथे सिग्नलपाशी थांबलेल्या गाडीचा काटा किंचित थरथरत उभा असे, लेविनमध्ये काट्याला ओलांडून जाण्यापुरतीच उरते.