चिमुकल्या मोटारींचा जीर्णोद्धार

मोठ्या वस्तूंविषयीं लिहितांना टीकाकारास आपल्या विषयाचें समर्थन करावें लागत नाहीं. देवालय, महाकाव्य किंवा चित्र यांचें मोठेपण वाचकानें आधींच मान्य केलेलें असतें. तळहातावर मावणाऱ्या मोटारीच्या प्रतिकृतीविषयीं कोणी लिहूं लागल्यास मात्र पहिला प्रश्न येतो तो हा कीं, मुलांच्या खेळण्यावर प्रौढांनीं शाई कां खर्चावी? यास उत्तर एवढेंच कीं, ज्या वस्तूंवर शहाणींसुरतीं माणसें आपल्या फुरसतीचीं वर्षेंच्या वर्षें खर्च करतात, त्यांच्याभोवतीं अभिरुचि, नियम आणि वाद उत्पन्न झाल्यावांचून राहत नाहींत. आणि जेथें अभिरुचि व वाद आहेत तेथें टीकेला जागा आहे. या छंदांतील एक वाद तर असा आहे कीं, तो वाङ्मयाच्या अभ्यासकास आपल्याच घरचा वाटावा. जुनी, झिजलेली वस्तु पुन्हां नवी करावी कीं आहे तशीच राखावी, हा तो वाद होय.

या छंदाचीं अंगें तीन: प्रतिकृति घडविणें, जमविणें आणि जुन्या प्रतिकृतींचा जीर्णोद्धार करणें. बाहेरून पाहणारास तीं एकच वाटतात. परंतु घडविणारा हा कवीच्या जातीचा, जमविणारा ग्रंथसंग्राहकाच्या जातीचा आणि जीर्णोद्धार करणारा संपादकाच्या जातीचा आहे. एकाच गृहस्थाच्या ठायीं हे तिघेही नांदूं शकतात, हें खरें. तथापि तिघांचीं कर्तव्यें निराळीं आहेत, आणि तीं एक मानल्यामुळेंच पुष्कळसा गोंधळ माजला आहे.

प्रथम घडविणाराचा विचार करूं. प्रतिकृति म्हणजे मूळ वस्तूचीं सर्व मापें एकाच आंकड्यानें भागून काढलेला भागाकार, असा सामान्य समज आहे. संग्राहकांत अत्यंत रूढ असलेलें प्रमाण १:४३ हें होय. खेळांतील आगगाड्यांच्या 'ओ' नांवाच्या मापांत इंग्लंडांत एका फुटास ७ मिलिमीटर धरीत. एका फुटाचे ३०४.८ मिलिमीटर सातांनीं भागले म्हणजे साडेत्रेचाळीस येतात, आणि तेथूनच हें प्रमाण आलें. त्या हिशेबानें साडेचार मीटर लांबीची मोटार साडेदहा सेंटिमीटरांची होते. येथवर गणित सरळ आहे. परंतु खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यास त्रेचाळिसांनीं भागल्यास जो पापुद्रा उरतो तो सांच्यांत ओततां येणार नाहीं आणि हातांत टिकणारही नाहीं. वजनाचेंही तसेंच. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही त्रेचाळीसपट घटलीं म्हणजे आकारमान जवळजवळ ऐंशी हजारपट घटतें, आणि हजार किलोग्रॅमची मोटार अवघ्या साडेबारा ग्रॅमची ठरते. ओतीव धातूची जी मोटार आपण हातांत घेतों ती याच्या कित्येकपट जड असते. आणि गंमत अशी कीं, तिचें तें खोटें वजनच आपणांस तिच्या खरेपणाची खात्री देतें.

यावरून घडविणाराचें काम भागाकाराचें नसून भाषांतराचें आहे, हें दिसून येईल. कोणती रेषा किंचित् ठळक करावी, कोणता बारकावा सोडून द्यावा, रंगाचा थर किती पातळ ठेवला म्हणजे दाराची फट बुजणार नाहीं, हे सर्व निर्णय त्यास स्वतः करावे लागतात. मात्र मूळ भाषा ज्याला येत नाहीं त्यास भाषांतरांत स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार नाहीं. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीचे श्री. शुन्साकु तामिया यांनीं पोर्श ९११ ही खरी मोटार विकत घेतली, तिचा एकेक भाग सुटा केला आणि तिचा कसून अभ्यास केला. १९७६ सालीं निघालेल्या पोर्श ९३४ च्या १:१२ प्रमाणाच्या प्रतिकृतीमागें हा परिश्रम आहे. या उद्योगांत शिक्षणाचा अंश किती आहे हें अमेरिकेनें फार पूर्वींच ओळखलें होतें. तेथील 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' या संस्थेनें १९३० पासून १९६८ पर्यंत तरुण मुलांकरितां स्पर्धा चालविल्या. त्यांत आरंभीं राजेशाही घोडागाडीची, व पुढें स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृति करावयाची असे, आणि विजेत्यांस उच्च शिक्षणाकरितां शिष्यवृत्त्या मिळत.

आतां जमविणाराकडे वळूं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांनीं १९३३ च्या अखेरीस आपल्या खेळांतील आगगाड्यांच्या जोडीला शोभा म्हणून कांहीं लहान मोटारी काढल्या. १९३४ सालीं त्यांस 'डिंकी टॉइज' हें नांव मिळालें, आणि शोभेची वस्तु होती ती लवकरच मुख्य वस्तु होऊन बसली. लंडनच्या लेस्नी कंपनीची 'मॅचबॉक्स' मालिका १९५३ सालीं निघाली. कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेंत आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनीं तिला पितळेचें एक चिमुकलें रोडरोलर करून दिलें, आणि त्यांतून ही कल्पना निघाली, असें सांगतात. १९५६ सालीं मेट्टॉय कंपनीनें 'कॉर्गी' मोटारी काढून त्यांस पारदर्शक खिडक्या बसविल्या. या तिन्ही कंपन्यांचा अंत थोड्याच अंतरानें झाला: डिंकींचा लिव्हरपूल येथील कारखाना १९७९ सालीं बंद पडला, लेस्नीचें दिवाळें १९८२ सालीं वाजलें आणि मेट्टॉयचें १९८३ सालीं. नांवें पुढें इतरांनीं विकत घेतलीं. परंतु त्या कारखान्यांतून निघालेल्या मूळ मोटारींची संख्या त्या दिवशीं कायमची ठरून गेली, आणि तेव्हांपासून ती केवळ घटतच आहे.

संख्या घटली कीं किंमत वाढते, हा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे. युद्धापूर्वींची, एका दुकानाचें नांव लिहिलेली डिंकीची लहानशी व्हॅन २००८ सालीं इंग्लंडांतील लिलावांत सुमारें वीस हजार पौंडांना गेली. अशा किमतींनीं संग्राहकाची दृष्टि पालटते. त्यास मोटारीपेक्षां तिची पुठ्ठ्याची पेटी मोलाची वाटूं लागते, आणि पेटींतून कधींच बाहेर न निघालेली मोटार सर्वांत श्रेष्ठ ठरते. पानें न कापलेल्या पुस्तकास ग्रंथसंग्राहक असाच अधिक भाव देतो. परंतु तें पुस्तक कोणी वाचलें नाहीं, यापलीकडे त्यांत अभिमानाची गोष्ट कोणती? खेळणें हें खेळण्याकरितां केलेलें असतें. अस्पृष्ट नमुने जपून ठेवणें अभ्यासास उपयुक्त आहे, हें मी नाकारीत नाहीं. तथापि कारखान्याला कोणता रंग अभिप्रेत होता याची साक्ष देण्यापलीकडे त्या नमुन्यास स्वतःचें असें चरित्रच नसतें.

चरित्र असतें तें खेळलेल्या मोटारीला, आणि येथेंच जीर्णोद्धाराचा प्रश्न उभा राहतो. त्याची कृति थोडक्यांत अशी. धातूची तबकडी आणि वरचें कवच यांना जोडणारे रिव्हेट हलक्या हातानें कोरून दोन्ही भाग वेगळे करावयाचे, जुना रंग द्रावणानें काढून टाकावयाचा, धातु स्वच्छ करून अस्तराचा हात द्यावयाचा, वर नव्या रंगाचे पातळ थर चढवावयाचे, कडक होऊन तडकलेल्या रबरी टायरांच्या जागीं नवे बसवावयाचे, हरवलेलें सुकाणूचें चाक किंवा दिवा यांच्या जागीं नवे ओतलेले भाग लावावयाचे आणि शेवटीं सर्व पुन्हां जोडावयाचें. हें काम नाजूक आहे, त्यास महिनोगणती धीर लागतो, आणि तें करणाराचें कौशल्य खरोखर प्रशंसनीय असतें. परंतु कौशल्य हें समर्थन नव्हे. गेलेला रंग परत आणतां येतो; काढून टाकलेला रंग मात्र कोणासही परत आणतां येत नाहीं.

या प्रश्नावर युरोपांत वास्तुशिल्पाच्या निमित्तानें मोठें रण माजलें होतें. १८४९ सालीं 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथांत रस्किननें जीर्णोद्धारास निखालस विध्वंस ठरविलें. उलट फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्यूक यानें जुनी इमारत परिपूर्ण स्थितीस नेणें हेंच आपलें काम मानलें, मग ती स्थिति पूर्वीं कधीं अस्तित्वांत असो वा नसो. आपल्याकडील परंपरेस रस्किनचें म्हणणें परकें वाटेल. देवळाचा जीर्णोद्धार हें आपण पुण्यकृत्य समजतों; भंगलेल्या मूर्तीचें विसर्जन करून नवी मूर्ति स्थापिली असतां भक्तांचा देव बदलत नाहीं, कारण उपासना चालू राहणें हा तेथें मुख्य हेतु असतो. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. वस्तु ज्या कार्यासाठीं आहे तें कार्य अजून चालू असेल तर तिचा जीर्णोद्धार योग्य होय. तें कार्य संपून ती केवळ साक्षीदार म्हणून उरली असेल, तर साक्षीदाराच्या तोंडीं आपले शब्द घालणें अनुचित होय.

हाच निकष चिमुकल्या मोटारींस लाविला म्हणजे बरेंचसें स्पष्ट होतें. जिच्या प्रती विपुल आहेत आणि जिचा रंग जवळजवळ पार गेला आहे, ती मोटार खुशाल रंगवावी. तीवर हात बसवून नवशिक्यानें कसब कमवावें, घरांतील मुलानें ती पुन्हां फरशीवर पळवावी. जी दुर्मिळ आहे आणि जिचा मूळ रंग थोडाबहुत शिल्लक आहे, तिची धूळ पुसण्यापलीकडे कांहीं करूं नये. तिसरा एक वर्ग असा आहे कीं, तेथें माणसाचा इलाज चालत नाहीं. या मोटारी जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या ओतीत. त्यांत शिशाचा अगदीं अल्प अंश मिसळला गेला तरी कालांतरानें धातूच्या कणाकणांमधून गंज पसरतो, मोटार फुगते, तिला भेगा पडतात आणि अखेरीस तिचा भुगा होतो. युद्धापूर्वींच्या कित्येक मोटारी या रोगानें गेल्या. संग्राहक यास धातूचा थकवा म्हणतात, परंतु थकव्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. हा जन्मजात दोष आहे. अशा मोटारीवर रंग चढविणें व्यर्थ होय. तिचीं मापें व छायाचित्रें घेऊन ठेवावीं आणि तिला जाऊं द्यावें.

पहिल्या दोन वर्गांच्या मधोमध मात्र अशा असंख्य मोटारी आहेत कीं, ज्यांच्या बाबतींत प्रामाणिक माणसांचेंही एकमत होणार नाहीं. तेथें नियमापेक्षां रीत महत्त्वाची, आणि ती रीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या निमित्तानें घालून दिलेली आहे. १९१९ सालीं आरंभिलेली व १९६६ सालीं पूर्ण झालेली ती चिकित्सक आवृत्ति हाही एक प्रचंड जीर्णोद्धारच होता. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रक्षिप्त वाटलेला भाग संहितेंतून काढला, पण तो फेंकून दिला नाहीं. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जसाच्या तसा राखला. जेथें पाठाची पुरती खात्री नव्हती तेथें त्या शब्दांखालीं नागमोडी रेघ छापली. वाचकास पानावरच कळावें कीं, येथें संपादकाचा तर्क आहे. मोटारीचा जीर्णोद्धार करणारानेंही अशी नागमोडी रेघ ओढावयास शिकलें पाहिजे. तबकडीच्या आंतल्या बाजूस, जेथें सहज दृष्टि जात नाहीं पण उघडणारास दिसल्यावांचून राहत नाहीं अशा जागीं, आपलें आद्याक्षर, वर्ष आणि नव्या भागांची खूण कोरून ठेवण्यास असा किती वेळ लागतो? ज्यानें ही खूण ठेविली तो संपादक. ज्यानें ती टाळली आणि नवी पेटी छापून ती मोटार जुनी म्हणून विकली तो भामटा. दोघांच्या हातांतील कुंचला एकच असतो, म्हणून हा भेद ठामपणें सांगणें अवश्य आहे.

या दृष्टीनें आपल्या देशांतील एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकींचे कांहीं जुने सांचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नांवानें मोटारी निघूं लागल्या. सांच्यावरील मूळ नांव खोडून तेथें नवें घालण्यांत आलें. इंग्रजी मोटारीशीं ताडून पाहतां त्यांचें ओतकाम व रंगकाम ओबडधोबड वाटतें. एखाद्या कुशल हातानें अशी मोटार घांसून, गुळगुळीत करून, लिव्हरपूलच्या तोडीची केली तर ती अधिक सुंदर दिसेल, यांत शंका नाहीं. परंतु मग ती कलकत्त्याची उरणार नाहीं. ज्या मुलांना विलायती मोटार मिळणें दुरापास्त होतें त्यांच्या हातीं जी मोटार पडली तिची हकीकत त्या ओबडधोबडपणांतच लिहिलेली आहे. प्रांतोप्रांतींचे पाठभेद जो जपतो तोच अशा मोटारीचें मोल जाणूं शकेल.

सारांश, जीर्णोद्धार ही हातानें केलेली टीका होय. कोणता ओरखडा राखावा आणि कोणता बुजवावा, हें ठरवितांना करणारा त्या वस्तूचा अर्थच ठरवीत असतो. ज्याच्या बालपणाची ती मोटार असेल त्याला दाराजवळचा उडालेला रंग हा दोष वाटणार नाहीं. परक्याला तो वाटेल, आणि परक्याच्याच हातीं बहुधा ती जाते. म्हणून या छंदांत पडणाऱ्या तरुणांस माझें सांगणें एवढेंच आहे कीं, रंगाची डबी उघडण्यापूर्वीं मोटार आठवडाभर नुसती डोळ्यांपुढें ठेवावी, ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, कोणत्या हातांतून आलेली याचा शोध घ्यावा, आणि मग जें करावयाचें तें करून त्याखालीं आपली सही करावी.